घरातून निघायचा नियम

नळदुर्गात आमचं एक महिला भजनी मंडळ होतं आणि त्या मंडळानं एकही भजन कधी शेवटपर्यंत म्हटलं नाही.

दर गुरुवारी दुपारी माझ्या मेडिकलचं शटर खाली ओढलं की दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही चौघी जमायचो. सतरंजी, मध्ये टाळांच्या दोन जोड्या, कोपऱ्यात उदबत्ती. जिन्यावर पाऊल वाजलं की जिच्या हाताला टाळ सापडतील तिनं ते वाजवायचे आणि बाकीच्यांनी डोळे मिटून डोलायचं, असं ठरलेलं. सासूबाई खालून विचारायच्या, "आज कोणतं म्हणताय गं?" मी वरून सांगायची, "नवीनच बसवतोय, अजून चाल बसली न्हाय." ती चाल पुढं कित्येक वर्षं बसली नाही. सासूबाईंना संशय आला नसेल असं मी म्हणणार नाही. पण सुना वर आहेत, खाली शांतता आहे, एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

खरं म्हणजे आम्ही गड सर करायला निघालेल्या असायचो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना थोडक्यात सांगते. एकीनं गोष्ट सांगायची, ती सूत्रधार. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं आणि "आता मी हे करते" असं म्हणत राहायचं. जे करायला गेलं ते जमलं की फसलं हे फाशावर ठरतं. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी कुणाला हरवत नाही. मी डी. फार्मसीला पुण्यात होते तेव्हा वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या मुलीकडं याचं एक इंग्रजी पुस्तक होतं, इतकं जाड की ती रात्री त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवायची. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा खेळ माझ्याबरोबर आला, अर्धामुर्धा, आठवेल तसा. पुस्तक आलं नाही. त्या खेळाला लागणारे बारा बाजूंचे, वीस बाजूंचे फासे तर नाहीच नाही.

फाशांचं काम बटणांनी केलं. आमच्यातली एक ब्लाऊज शिवायची, तिला आम्ही टेलरबाई म्हणायचो. तिनं उरलेल्या खणाची एक पिशवी शिवली आणि त्यात सुटी बटणं भरली. हात घालून न बघता एक काढायचं. पांढरं आलं तर जमलं, काळं आलं तर फसलं, लाल आलं तर भलतंच काहीतरी झालं. आणि एकच सोनेरी बटण होतं, कुणाच्या तरी लग्नातल्या कोटाचं. ते आलं की आम्ही किंचाळायचो आणि मग घाईघाईनं टाळ वाजवायचो.

दुसरी होती सकाळी भरणाऱ्या प्राथमिक शाळेतली मॅडम. तिसऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते. चौथी मी, सूत्रधार. ते पद मी मागितलं नव्हतं. माझा आवाज मोठा आहे आणि राक्षसासारखं हसता येतं, म्हणून ते आपोआप माझ्याकडं आलं. वर्गणी मागायला आलेली पोरंही माझं ते हसणं ऐकून एकदा जिन्यावरूनच परत गेली होती.

आता नियमांकडं येते, कारण सगळं रामायण त्यांचंच आहे.

पुण्याच्या पुस्तकातले नियम मला आठवत नव्हते, म्हणून आम्ही आमचे केले. प्रत्येकीनं आपल्याला येत होतं त्याचा नियम केला. टेलरबाई म्हणाली, चिलखत असं कसंही घालता येणार नाही, बगलेत सैल नसेल तर हात वर जाणार नाही आणि हात वर गेला नाही तर तलवार काय कमरेतून मारणार? झाला मापांचा नियम. मॅडमनी हजेरीचा नियम केला. उशिरा येणाऱ्या बाईच्या पात्राला ताप. मी औषधांचा केला. जखमेवर मलम दोन वेळा, गोळी जेवणानंतर, उपाशीपोटी घेतली तर मळमळ, आणि मळमळ असताना घोड्यावर बसायचं नाही. अक्कांनी शिदोरीचा केला. भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते, म्हणून लांबच्या मोहिमेला दुधात मळलेल्या दशम्याच न्यायच्या. ज्यानं भाकरी नेली त्याचे दात दुखणार आणि त्याला किल्लेदाराशी गोड बोलता येणार नाही. हे सगळं मी दुकानातल्या कोऱ्या कागदांवर लिहून फाईलला लावत गेले. फाईल फुगत गेली.

पण आमचा मुकुटमणी होता घरातून निघायचा नियम.

तो असा जन्मला. एका गुरुवारी मी हात पसरून सुरुवात केली, "पहाट झाली आहे! गडावरच्या मशाली विझतायत! सरदारीणबाई, तुमचा घोडा दारात फुरफुरतोय! तुम्ही निघालात!"

सरदारीणबाई म्हणजे अक्का. त्या मांडी घालून शेंगा सोलत बसल्या होत्या. शेंग न ठेवता म्हणाल्या, "अशी कशी निघाले?"

"घोड्यावर बसून, अक्का."

"ते कळलं. पण घरी कोण हाय?"

मी पुण्याचं पुस्तक आठवून पाहिलं. त्यात वीरांना घर असल्याचं कुठं दिसलं नव्हतं. "घरी कुणी न्हाय," मी म्हटलं.

"सरदारीण हाय आणि घरी कुणी न्हाय? मग ती सरदारीण कुणाची?"

"सासू असंल," टेलरबाई म्हणाली.

"सासू हायेच," मॅडम म्हणाल्या. "लिहा, सासू."

"मग दूध कोण तापवणार?" अक्का सुरू झाल्या. "विरजण लावलंय का? लेकरं कुणाच्या जिवावर सोडली? माघारी येईपर्यंत कोथिंबीर टिकंल का?"

"अक्का, गडावर राजकन्या कोंडलीय!"

"कोंडलीय ना? मग कुठं जाती ती? आधी विरजण."

त्या दुपारी आम्ही हसून हसून आडव्या झालो, आणि संध्याकाळी मी तो नियम लिहून काढला. मोहिमेवर निघणाऱ्या बाईनं आधी घरची व्यवस्था सांगायची. मग बटण काढायचं. पांढरं आलं तर उंबरा ओलांडला. काळं आलं तर ऐन वेळी पाहुणे. मग चहा टाकायचा आणि चहा झाला की पुन्हा बटण. लाल आलं तर पाहुणे जेवूनच जाणार. मॅडमनी त्यात भर घातली ती अशी की सासूला काय सांगून निघालात ते बोलून दाखवायचं, आणि बाकीच्यांना ते पटलं पाहिजे. नाही पटलं तर घोड्याचं खोगीर उतरवा.

त्या थापा! देवा, त्या थापा ऐकायला मी आजही दुकान बंद ठेवीन. टेलरबाईचं पात्र म्हणजे एक नावाजलेली चोर होती. ती सासूला सांगायची, "येरमाळ्याला जाऊन येते, येडाईला नवस बोलले होते."

"मग तलवार कशाला?" मॅडम सासू होऊन विचारायच्या.

"नारळ फोडायला."

आणि अक्का दर वेळी, "माहेरी आई आजारी हाय."

"गेल्या गुरुवारीबी आजारीच होती."

"ती आजून बरी झाली न्हाय. मी निघालेच कुठं होते?"

चार वाजले की खाली शटर वर जायचं, मॅडमच्या घरी पाणी यायची वेळ व्हायची, टेलरबाईकडं मापं द्यायला बाया यायच्या. सरदारीण तशीच उंबऱ्यात उभी. कधीमधी नशीब उघडलं तर आम्ही माळ ओलांडून गडाच्या पायथ्याशी जायचो. खरा किल्ला तर वरच्या खिडकीतून दिसतो, तिकीट काढलं की आत सोडतात. आमच्या गडाला तिकीट नव्हतं, म्हणून आत जाणं अवघड होतं.

मग आम्ही पांगलो. कुणाचं भांडण झालं नाही, काही झालं नाही. मॅडमची बदली परंड्याकडं झाली आणि निवृत्तीनंतर त्या तिकडंच राहिल्या. टेलरबाई लेकीपाशी सोलापूरला गेली, आता बारीक काम दिसत नाही म्हणते. अक्कांना नातू झाला आणि त्या पुण्याला आठव्या मजल्यावर गेल्या. सासूबाईही गेल्या. वरच्या खोलीत मी सलाईनचे खोके ठेवायला लागले. टाळ खिळ्याला अडकवलेत, त्यांच्यावर धूळ बसू देत नाही. गुरुवारी दुपारी अजूनही शटर ओढताना माझा पाय आपोआप जिन्याकडं वळतो. वर जाऊन काय करणार? एकटीनं सूत्रधार होता येत नाही. गोष्ट सांगणारीला मध्येच "अशी कशी निघाले?" असं विचारणारी समोर लागते.

म्हणून मला नवीन बाया हव्या होत्या. हे मी स्वतःशी फार उशिरा कबूल केलं. आधी मी म्हणायची, खेळ टिकला पाहिजे, नव्या पिढीला कळला पाहिजे, वगैरे. नव्या पिढीचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं माझं.

माझ्या वयाच्या बायकांना विचारून पाहिलं. एकीला वाटलं मी काहीतरी विकतेय. मग माझी नजर दुकानाच्या पायरीवर गेली. तिथं रोज दुपारी तीन पोरी बसायच्या. अकरावीच्या, जवळच्या एकाच गावच्या. कॉलेज एकला सुटायचं आणि त्यांच्या गावची एसटी चारनंतर. मधल्या वेळात त्या माझ्या सावलीत बसून मोबाईल बघायच्या. एक एनसीसीतली, पायरीवरही ताठ बसणारी. एक चष्मेवाली, जिला सगळ्याचं कारण लागायचं. आणि एक कायम फुटाणे खाणारी.

"पोरींनो," मी एका दुपारी म्हटलं, "गड सर करायचा का?"

"उन्हाचं?" फुटाणेवाली म्हणाली.

"बसल्या जागी."

त्या वर आल्या. मी खोके बाजूला सारले, सतरंजी झटकली, फाईल उघडली. आणि वाचायला लागले. मला वाटलं होतं, चिलखताचं माप ऐकून त्या हसतील. दशम्यांवर तर नक्कीच. मी टेलरबाईच्या आवाजात वाचलं, मॅडमच्या आवाजात वाचलं. पोरी ऐकत होत्या, जशा लग्नात सत्काराची भाषणं ऐकतात तशा. विरजणापाशी आले तेव्हा एनसीसीवालीनं हात वर केला.

"काकू, हे पेपरला हाय का?"

"न्हाय गं."

"मग पाठ कशाला करायचं?"

"पाठ न्हाय करायचं. समजून घ्यायचं."

"सगळं?" चष्मेवालीनं फाईलची जाडी बोटानं मोजली.

आणि त्या दिवशी एसटी वेळेवर आली. वर्षभर कधीच वेळ न पाळलेली एसटी त्या दिवशी वेळेवर आली. हॉर्न ऐकून तिघी अशा उठल्या की सतरंजी त्यांच्या पायात गोळा झाली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या पायरीवर बसल्या नाहीत. रस्त्यापलीकडं रसवंतीच्या पत्र्याखाली उभ्या राहिल्या. मी काउंटरमागून हात केला. त्यांनीही केला, लांबूनच, सभ्यपणे. तिसऱ्या दिवशी तसंच. ऊन असं होतं की रसवंतीचा पत्राही वाकला असता, पण माझ्या सावलीत कुणी यायला तयार नव्हतं.

त्या आठवड्यात मी फाईल घेऊन बसले आणि परक्या बाईसारखी वाचून पाहिली. खरंच रटाळ होती हो. सरकारी जीआर परवडला. आम्ही हसलो ते त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं, नुसता नियम लिहिला होता. दुपारभर चाललेली चेष्टा वाळून वाळून तिचं कलम झालं होतं, आणि मी त्या पोरींना कलमं वाचून दाखवत होते.

मी अक्कांना फोन लावला.

"अक्का, काय काय काढू?"

"चिलखत काढ," त्या लगेच म्हणाल्या.

"टेलरबाईनं ऐकलं तर कात्री घेऊन येईल."

"तिला कशाला सांगतीस? हजेरी काढ. तुझ्या गोळ्या काढ. लई कडू होत्या त्या."

"आणि दशम्या?"

"काढ," त्या म्हणाल्या. "आता कोण करतंय दशम्या."

"आणि निघायचा?"

"तो नको."

"अक्का, पोरी येणार न्हायत मग."

"तो काढला तर राहिलं काय गं त्यात?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "बघ तुला काय करायचं ते. मी हितं काय, आठव्या मजल्यावर."

मी तो काढला नाही. नुसती फाईल कपाटात ठेवली, बटणांची पिशवी घेतली आणि रस्ता ओलांडून रसवंतीवर गेले.

"या गं. आज वाचन न्हाय."

"नक्की?" फुटाणेवाली म्हणाली.

"फाईल कपाटात हाय."

"कुलूप लावलंय का?"

मी किल्ली दाखवली. तेव्हा कुठं आल्या.

या वेळी मी एवढंच सांगितलं की मी गोष्ट सांगते, तुम्ही काय करता ते सांगा, अडलं तर बटण काढा. फुटाणेवालीला चोर व्हायचं होतं. चष्मेवालीला वैद्य. एनसीसीवालीला सरदारीण. मी हात पसरले. कित्येक वर्षांनी पसरले, खांदा कुरकुरला.

"पहाट झाली आहे! गडावरच्या मशाली विझतायत! दारात घोडे फुरफुरतायत!"

"निघालो," एनसीसीवाली म्हणाली.

माझा हात पिशवीत गेला होता. जिभेवर सगळं तयार होतं. दूध, विरजण, सासू, पाहुणे. मी म्हणाले, "घरी कोण..."

"काकू, निघालो ना," ती म्हणाली. उद्धटपणे नाही. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. "घोड्यावर बसलो आणि निघालो."

मी तिच्याकडं बघत राहिले. आम्ही चौघींनी मिळून जो उंबरा इतका उंच बांधला होता तो या पोरीनं बघितलासुद्धा नाही. मला राग आला का? थोडा आला. मग असं वाटलं की आत्ता या क्षणी अक्का इथं बसलेल्या असाव्यात, शेंगा सोलत, आणि त्यांनी हे ऐकावं.

"निघालात," मी म्हटलं.

माळ ओलांडला, ओढा ओलांडला, पहारेकऱ्याला फुटाणे दिले आणि पोरी गडाच्या दारात उभ्या राहिल्या. बाहेर कुणाचा चहासुद्धा झाला नसेल एवढ्यात.

"दार उघडतो," चष्मेवाली म्हणाली. पांढरं बटण आलं. "उघडलं. आत काय हाय?"

आणि मला घाम फुटला. आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी चिलखताच्या बगला लिहिल्या, दशम्या किती दिवस टिकतात ते लिहिलं, पण गडाच्या आत काय आहे हे कधी लिहिलंच नव्हतं, कारण आत कुणी कधी पोचलंच नव्हतं. राजकन्या कोंडलीय म्हणायचो, पण ती गोरी की सावळी हेही कुणी विचारलं नव्हतं.

"दार मोठं आहे," मी म्हटलं.

"किती मोठं?"

"लई मोठं."

"काकू, दार उघडलंय. आत काय हाय?"

खाली रस्त्यावर एक गाडीवाला लाऊडस्पीकरवरून कांदे विकत होता. मी म्हटलं, "आत... आत बाजार भरलाय. आणि भल्यामोठ्या राक्षसानं कांद्यांचा ढीग लावलाय." आणि मी हसले, माझं ते जुनं हसणं. खोक्यांवरची धूळ उडाली. फुटाणेवालीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि डोळ्यांनी हसली.

मग त्यांनी राक्षसाशी घासाघीस सुरू केली. एनसीसीवालीनं तलवार उपसली, तर चष्मेवालीनं तिला गप्प बसवलं. "थांब गं, आधी भाव तर विचार." वैद्यानं कांद्याला वास येतो म्हणून नाक मुरडलं, चोरानं तेवढ्यात ढिगाच्या मागून दोन कांदे ओढले, ढीग कोसळला, काळं बटण, राक्षस चिडला, मी उभी राहिले, चष्मेवाली सतरंजीवर गुडघ्यांवर आली, आणि राक्षसाला ती म्हणाली, "मामा, रागावू नका, तुमचं बीपी वाढंल." राक्षस खरंच बसला. मी बसले. बीपी मलाही आहे.

एसटी आली होती आणि गेली होती. कुणालाही हॉर्न ऐकू आला नव्हता.

पहिला फोन एनसीसीवालीचा वाजला. तिनं स्क्रीन बघितली आणि तिचा ताठ कणा पहिल्यांदा वाकला. "आई," ती कुजबुजली. "आता काय सांगू?"

"जादा तास," फुटाणेवाली म्हणाली.

"गेल्या आठवड्यात तेच सांगितलंय."

"लायब्ररी."

"लोकेशन मागंल ती. मेडिकल दिसंल. आजारी हाय म्हणून घाबरंल."

तिघींची डोकी एकत्र आली होती. आवाज दबलेले, डोळे चमकणारे, एक थाप पुढं करतेय, दुसरी ती खोडतेय.

फोन वाजतच होता. मी हात पुढं केला. पोरीनं तो नाइलाजानं दिला.

"नमस्कार ताई, मी मेडिकलवाली. तुमची पोरगी माझ्याकडं हाय."

"का हो? काय झालंय तिला?"

"काही न्हाय. खेळतीय."

हा शब्द मी त्या खोलीतून बाहेरच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सांगितला.

"खेळतीय? एवढी घोडी झाली आणि खेळतीय?" आणि लगेच, "काय खेळतीय?"

मी सांगितलं. तीन जणी गडावर गेल्यात. आत बाजार आहे. राक्षस कांदे विकतोय. पोरी एका बाजूला पुतळ्यासारख्या उभ्या होत्या, आता बोलणी बसणार म्हणून.

"मग?" बाई म्हणाली.

"मग काय?"

"किती म्हणला तो? कांद्याला?"

"आजून भाव ठरला न्हाय."

"एकदम घेऊ नका म्हणावं. ढिगात खाली सडके असतेत." मागं कुणीतरी तिला हाक मारत होतं, म्हैस सोडायची होती बहुतेक. "आले, आले," ती तिकडं म्हणाली, आणि मग मला, "पुढच्या गाडीनं लावून द्या तिला. आणि ताई, हे कधी असतंय?"

"मंगळवारी, शुक्रवारी. दुपारचं. या की तुम्हीबी."

"बघते," ती म्हणाली. ते "बघते" मला चांगलं ओळखीचं आहे. त्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही ते मला माहीत आहे. तरी तिनं विचारलं.

पोरी पुढच्या गाडीनं गेल्या. पायऱ्या उतरता उतरता चष्मेवाली म्हणाली, "काकू, राक्षसाला हलवू नका. आम्ही मंगळवारी येतो. आन् हिच्या आईनं सांगितलंय तसं ढिगाच्या खाली बघायचंय."

त्या मंगळवारी आल्या. शुक्रवारीही. आता रसवंतीवर उभ्या राहत नाहीत. कॉलेज सुटलं की सरळ वर येतात आणि मीच शटर ओढायला उशीर करते म्हणून मला रागावतात. गडाच्या आत आता इतकं काही झालंय की मला लक्षात राहत नाही. बाजारामागं तलाव निघाला, तलावाखाली महाल निघाला. राजकन्या सापडली. तिला सुटायचंच नव्हतं, ती आत पार्लर चालवत होती. यातलं निम्मं मी सांगत नाही, त्याच सांगतात. मी मध्ये मध्ये हसते.

सुख म्हणायचं तर हेच आहे. मला जे हवं होतं ते मिळालं. सतरंजी भरलेली असते. तरी खेळ रंगात आला की मी एकेका चेहऱ्याकडं बघते आणि मला दुसरेच चेहरे हवे असतात. पोरींचा त्यात काही दोष नाही. त्यांना गड फार आवडतो. आम्हाला गडाचं तेवढं नव्हतं. आम्हाला उंबऱ्यातच मजा यायची, कारण तिथं आम्ही एकमेकींना पकडून ठेवायचो. ते या पोरींना कसं सांगायचं मला कळत नाही, आणि सांगूही नये असं वाटतं. त्या निघतात पटकन, ते चांगलंच आहे.

गेल्या आठवड्यात मात्र वेगळंच झालं. मी पहाट करायला हात पसरले, तर एनसीसीवाली म्हणाली, "काकू, थांबा. एक करायचं राहिलंय."

"काय?"

"ह्यात आईचा फोन पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण गडावर असताना मध्येच आईचा फोन येणार. कधीबी. लाल बटण आलं की आईचा फोन. मग कुठं हाय ते सांगायचं. पटलं तर पुढं, न्हाय पटलं तर सरळ माघारी."

"राक्षस मारतानाबी?" चष्मेवालीनं विचारलं.

"तवाच तर येतोय."

"गडावर रेंज कुठली?"

"मग मिस्ड कॉल येऊन पडणार. ते तर लई बेकार."

"पण मग लोकेशनचं काय? लोकेशन चालू ठेवायचं का बंद?"

"बंद ठेवलं तर ती जास्त घाबरंल."

"बाबाचा फोन आला तर?"

"त्याचा वेगळा नियम!"

मी त्यांच्याशी आमच्या निघायच्या नियमाबद्दल पुन्हा कधी बोलले नव्हते. पहिल्या दिवशी वाचून दाखवलेलं तर त्या कधीच विसरल्या होत्या. मी कोरे कागद आणून त्यांच्यापुढं ठेवले, पेन ठेवला, आणि भिंतीला टेकून बसले. लिहायला गेले नाही. अक्षर त्यांचंच असावं. त्या तावातावानं भांडत होत्या. फुटाणेवाली म्हणत होती की चोराची आई वेगळी असते, तिला फोन करायचं कारण नाही. चष्मेवाली म्हणत होती की आई म्हणजे आई. घोडे दारात तसेच फुरफुरत राहिले. एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा अर्धं पानही भरलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी अक्कांना फोन लावला. हल्ली प्रत्येक खेळानंतर लावते. त्यांना सगळं लागतं. महालाच्या भिंती कोणत्या रंगाच्या, राजकन्येच्या पार्लरला गिऱ्हाईक कोण येतं.

"आज कुठवर गेल्या?" त्यांनी विचारलं.

"कुठंच न्हाय, अक्का. निघाल्याच न्हायत. एका नियमावरनं भांडत बसल्या, गाडी येईपर्यंत."

पलीकडं नातू काहीतरी मागत होता. अक्कांनी त्याला गप्प केलं. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, बसल्याचा आवाज आला.

"कोण काय म्हणलं?" त्या म्हणाल्या. "सुरुवातीपासनं सांग. गडबड करू नको."